‘पाऊल’ची किंमत

२ मार्च

चार हजार!

भांडी घासत होते तेवढ्यात फोन वाजला. साबणाच्या बोटाने उघडला. ‘पाऊल’ या वेबसाइटच्या नावासाठी ऑफर. पाच महिने मी त्या नावाच्या पानावर ‘हे नाव विक्रीला आहे’ अशी पाटी लावून बसले आहे, आणि पहिलं गिऱ्हाईक उगवलं ते चार हजारांचं. आधी मी एकटीच मोठ्याने हसले. मग हसू ओसरलं आणि चांगलाच राग आला.

परवा बँकेतल्या बाईने फॉर्मवर ‘व्यवसाय’ विचारला. मी सांगितलं, इंटरनेटवरचं प्रत्येक नाव वर्षाच्या भाड्यावर असतं. कुणी पैसे भरायला विसरलं की ते सुटतं, सुटलेल्या नावांचा लिलाव होतो, तिथून मी उचलते आणि ज्याला हवं त्याला विकते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘इतर’वर खूण केली.

माझ्याकडे अशी चौसष्ट नावं आहेत. त्यातलं ‘पाऊल’ सगळ्यात चांगलं. लिलावात अठराशेला मिळालं तेव्हा दिवसभर जमिनीवर पाय नव्हता. सप्टेंबरात छापखान्यातली मुद्रितशोधनाची नोकरी सोडली. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या, आता काहीतरी माझं स्वतःचं करायचं होतं. नवऱ्याशी करार झाला आहे: पंधरा जुलैपर्यंत एक तरी दणकट विक्री, निदान सहा महिन्यांच्या पगाराएवढी. नाहीतर परत छापखाना. मालकांनी माझी खुर्ची राखून ठेवली आहे. म्हणजे तिच्यावर कागदांचे गठ्ठे ठेवलेत, माणूस नाही.

मास्तरांना फोन केला. नावं विकणाऱ्यांच्या ग्रुपवरचे हे जुने खेळाडू. खरं नाव कुणालाच माहीत नाही. आठ वर्षांपूर्वी एक नाव त्यांनी बंगल्याच्या भावाने विकलं होतं.

“बाई, लगेच उत्तर दिलंत तर मेलात,” ते म्हणाले. “सात दिवस गप्प. शांतता माणसाला चावते.”

९ मार्च

सात दिवस झाले. चावली ती मलाच.

उत्तर लिहिलं. आधी अडीच लाख लिहिले, खोडले, तीन केले. कशावरून तीन, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. अशा साध्या, छोट्या शब्दांची नावं तशी जातात असं ग्रुपवर वाचलेलं. मग बटण दाबून टाकलं.

टिंगी शेजारी गृहपाठ करत होती. तेरा वर्षांची आहे, कान चौदा जणांचे.

“आई, तू कितीला घेतलं होतंस?”

“अठराशेला.”

“मग चार हजार कमी कसे?”

“तुला नाही कळायचं त्यातलं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि संध्याकाळी बाबा आल्या आल्या त्याला बातमी दिली, “आईने आज हवा तीन लाखांना लावली.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बूट काढत म्हणाला, “शेठ, वरच्या मजल्यावरची हवा जास्त महाग असेल ना? मी रोज फुकट खातोय.” हसला. मीही हसले. पण रात्री जेवण झाल्यावर तो कॅलेंडरची पानं उलटून पंधरा जुलै कोणत्या वारी येतो ते बघत होता.

११ मार्च

फोन आला. एक बाई. “मी मध्यस्थ बोलतेय. आमच्या ग्राहकाला त्या नावात रस आहे, पण घाई अजिबात नाही.”

“ग्राहक कोण?”

“ते सांगता येणार नाही. किंमत मात्र खूपच जास्त सांगितलीत तुम्ही.”

आवाज कोरडा, पाठ केल्यासारखा. मागे सारखी ठकठक चालली होती. विचारलं, तर एक क्षण थांबून म्हणाली, “काम चाललंय आमच्याकडे.” ऑफिसचं बांधकाम चाललेलं असणार. मास्तरांना सांगितलं तर खूश झाले. “वाढणारी कंपनी आहे, बाई. पाऊल म्हणजे बूटवालेच असणार. हलू नका.”

मी हलले नाही.

१९ मार्च

पेट्या मोजायचा दिवस. नाव आपलं झालं की त्या नावाच्या जुन्या ईमेल पत्त्यांवर येणारी पत्रंही आपल्याकडे येऊन पडतील अशी सोय करता येते. आधीच्या मालकाची पत्रं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, “पेटी उघडी ठेवायची. किती पत्रं पडतात त्यावरून नावात अजून किती जीव आहे ते कळतं. पण मोजायची, वाचायची नाहीत.”

हा नियम मला सभ्य वाटला. परक्याचं पत्र वाचू नये हे आईनेही शिकवलं होतं. चौसष्टांपैकी अठरा पेट्यांत पत्रं आहेत. ‘पाऊल’मध्ये अकरा, सगळ्यात जास्त. जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही जोडलेलं आहे. जाहिरातीची पत्रकं असणार.

अकरा म्हणजे चांगलंच. तीन लाख काही फार नाहीत.

१ एप्रिल

साडेपाच हजार.

तीन लाखांसमोर दीड हजाराने वर! हा अपमान आहे की डावपेच, कळत नाही. मास्तर म्हणतात डावपेच. मोठ्या कंपन्या समोरच्याला दमवतात, इंच इंच सरकतात. मी लिहिलं, दोन लाख ऐंशी. मलाही सरकता येतं.

१७ एप्रिल

एकही विक्री नाही. एका दंतवैद्याने दुसऱ्या एका नावाची चौकशी केली, किंमत ऐकून पुन्हा दिसला नाही. ‘पाऊल’च्या पेटीत सतरा पत्रं.

नवऱ्याने आज दुसरी पाळीही घेतली. खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. मी म्हटलं, “फार ओढू नकोस.” तो म्हणाला, “अगं, ओढायला लिफ्टच आहे, माणूस नाही.” विनोद नेहमीसारखा नव्हता. पिशवी दोनदा बदलली.

२ मे

सात हजार दोनशे.

एक गोष्ट लक्षात आली: ऑफर नेहमी महिन्याच्या एक-दोन तारखेलाच येते. त्यांची महिन्याची मीटिंग होत असेल. कुणीतरी टेबलाच्या टोकाला बसून म्हणत असेल, या महिन्यात त्या बाईला सतराशेने वाढवा. पद्धतशीर माणसं आहेत. मला अशा लोकांची भीती वाटते आणि थोडा आदरही.

मध्यस्थ बाई फोनवर म्हणाली, “ताई, एवढंच जमलंय.” मग लगेच, “म्हणजे, एवढंच मंजूर झालंय.”

‘ताई’ म्हणाली. आता गोड बोलून पाहतायत. मी आवाज कडक केला. “मंजूर करणाऱ्यांना सांगा, अडीच लाखांच्या खाली बोलणंच नाही.”

तिकडे ठकठक चालूच होती. दोन महिने होत आले, कसलं बांधकाम आहे देव जाणे.

२१ मे

छापखान्याच्या मालकांचा फोन. “काय म्हणतोय तुमचा धंदा?”

“चाललाय.”

“नवीन मुलाने काल ‘सप्रेम नमस्कार’चं ‘सप्रेम नकार’ केलंय लग्नपत्रिकेत. गठ्ठे हलवू का खुर्चीवरचे?”

“अजून नको.”

फोन ठेवला. चूक काढणारी म्हणून का होईना, तिथे माझी वाट पाहिली जातेय. इथे माझी वाट पाहणारं कुणी नाही, मीच सगळ्यांची वाट पाहते. पण परत गेले तर सगळे म्हणणार, हौस फिटली. कुणी तोंडावर म्हणणार नाही, आणि तेच जास्त लागेल.

१ जून

नऊ हजार शंभर.

शंभर कशाला? मास्तर म्हणतात हा मानसशास्त्राचा भाग असतो, सुटा आकडा दिसला की विक्रेत्याला वाटतं गिऱ्हाईक शेवटपर्यंत आलंय. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं कुणीतरी खिसा उलटा केला. पण मीटिंगमध्ये खिसे कोण उलटे करतं?

दीड महिना उरलाय. मास्तरांनी शेवटचं शस्त्र सांगितलं: दुसरं गिऱ्हाईक उभं करायचं. नसलेलं. “खोटं कसलं बाई, हा खेळच तसा आहे. तेही खोटंच बोलतायत, घाई नाही म्हणून.”

३ जून

केलं.

फोनवर सांगितलं, “दुसरीकडून दोन लाखांची ऑफर आहे. दहा तारखेपर्यंत तुमची वाट पाहीन.” आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं, त्यामुळे आवाज कापला नाही.

मग बाईने विचारलं, “ते काय करणार त्या नावाचं?”

विचित्र प्रश्न. भाव विचारायचा सोडून! माहिती काढत असणार. म्हटलं, “ते त्यांचं बघतील.”

“पत्ते तरी चालू ठेवतील का?”

“मला काय माहीत.”

फोन ठेवला. सतरा वर्षं दुसऱ्याच्या मजकुरात नसलेला शब्द कुणी घातला की मी लाल गोल काढत आले.

१० जून

“आमच्या ग्राहकाने दुसरं नाव घेतलंय,” बाई म्हणाली. “तुमचा सौदा चांगला होवो.” शेवटचं वाक्य टोमणा नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मास्तर म्हणाले, “परत येतील. एक तारखेला बघा.”

नवऱ्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं, “शेठ, आज भाव काय?” मी म्हटलं, “स्थिर.”

२ जुलै

काल एक तारीख होती. काल नाही, आज नाही. फोन हातात घेऊन गॅलरीत बसले, स्वयंपाकघरात नेला, न्हाणीघराच्या खिडकीत ठेवला. टिंगी म्हणाली, “आई, तो काय पळून जाणारे?”

मास्तर फोन उचलत नाहीत.

४ जुलै

काय लिहू?

आज ठरवलं होतं की ‘पाऊल’साठी नवं गिऱ्हाईक शोधायचं, आणि जाहिरातीत घालायला पत्रांचा ताजा आकडा हवा होता. एकेचाळीस. आकडा लिहून घेतला आणि पेटी बंद करणार, तेवढ्यात नजर एका पत्राच्या विषयावर गेली. ‘तिसऱ्यांदा लिहितेय’.

उघडू नये हे माहीत होतं. उघडलं.

‘सर, फेब्रुवारीत लिहिलं, एप्रिलमध्ये लिहिलं, तुमचं उत्तर नाही. तुमचा जुना फोन लागत नाही आणि बुटाच्या आत एवढाच पत्ता छापलाय. बूट तिला घट्ट झालेत, घालताना रडते. मागच्या महिन्यापासून आम्ही बाजारातले साधे बूट घेतलेत. ती खूश आहे, पण परत चवड्यांवर चालायला लागलीय. पायाचा कागद पुन्हा जोडतेय. रागावला असाल तर तसं कळवा.’

खाली जोडलेला कागद उघडला. पेन्सिलीने काढलेली लहान पायाची कड. अंगठ्याशी रेघ हललेली, गुदगुल्या झाल्या असतील. एका बाजूला आईच्या अक्षरात ‘उजवा, वय सहा’.

मग सगळी उघडली. एकेचाळीस. जाहिरातीचं पत्रक एकही नव्हतं. सगळे पाय. आत वळलेले, बाहेर वळलेले, एक लहान एक मोठा. वाकड्या पायांच्या मुलांचे मापाचे बूट करणारं कुणीतरी आहे. मुलं वाढतात, बूट घट्ट होतात, आईबाप कागदावर पाय काढून बुटातल्या पत्त्यावर पाठवतात. तो पत्ता ऑक्टोबरपासून माझा आहे.

सगळ्यात वाईट हे: पेटी मी बंद ठेवली असती तर पत्रं परत गेली असती. लोकांना कळलं असतं पत्ता बंद आहे, त्यांनी दुसरी वाट शोधली असती. मी उघडी ठेवली. पत्रं पोचल्यासारखी दिसत राहिली. कुणीतरी घेतोय आणि उत्तर देत नाही, एवढंच तिकडे समजलं. आणि मी मोजत होते. अकराची सतरा झाली, सतराची एकेचाळीस, आणि प्रत्येक वेळी मला आनंद झाला होता. वर तो या वहीत लिहूनही ठेवलाय.

एक तारीख. ‘एवढंच जमलंय.’ शंभर.

मीटिंग कसली नि काय.

५ जुलै

मध्यस्थ बाईला फोन केला. दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला.

म्हटलं, “बूट तुम्हीच करता ना?”

मागची ठकठक थांबली.

“तुमची पत्रं माझ्याकडे आहेत,” मी म्हटलं. “एकेचाळीस. पायांचे कागदही.”

तिने फोनवर हात ठेवला असावा. मग एका पुरुषाचा आवाज आला, जरा दुरून. “पत्ता दे त्यांना.”

६ जुलै

सायकलींच्या दुकानामागे एक अरुंद जिना आहे, वर लांबोडकी खोली. चामडं चिकटवायच्या सोल्यूशनचा वास जिन्यातच नाकात बसतो. भिंतभर फळ्या, त्यांवर लाकडाचे पाय, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. खिडकीपाशी साठीचा माणूस, अंगात जाड कापडाचा एप्रन, मांडीवर उलटा बूट, हातात हातोडी. पलीकडे शिलाई मशीनवर त्याची बायको.

“मीच ती मध्यस्थ,” ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “आमच्या पुतण्याने सांगितलं होतं, आपण स्वतः मागितलं की भाव चढतो. गरज दाखवायची नाही. नाव त्यानेच घेऊन दिलं होतं, मग तो परदेशी गेला. पैसे भरा म्हणून सूचना त्याच्या बंद झालेल्या पत्त्यावर जात राहिल्या. आम्हाला फेब्रुवारीत कळलं.”

“मलाही तेच शिकवलं होतं,” मी म्हटलं. “दाखवायचं नाही.”

कुणी हसलं नाही.

“पत्रं आणलीत?” बूटवाल्याने विचारलं.

मी गठ्ठा दिला. सगळी छापून आणली होती, पाय खऱ्या मापात येतील असे. त्याने आधी हात पुसले. मग टेबलाचे खण उघडून जुने कागद काढायला लागला. नवा कागद जुन्यावर ठेवायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, बघायचा. “अर्धं बोट वाढलाय.” पुढचा. “हा फार नाही.” पुढचा. “हा सरळ होतोय, वा.” मी दारातच उभी होते. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

त्या सहा वर्षांच्या मुलीचा कागद त्याने दोनदा धरला.

“हिची टाच टेकायला लागली होती,” तो बायकोला म्हणाला. “मार्चमध्ये इथे असती तर नवा जोड झाला असता.” मग माझ्याकडे न बघता, “बूट घट्ट झाला की मूल पाय चोरतं. साधा घातला की पाय मागचं सगळं विसरतो. आता परत पहिल्यापासून. होईल की नाही ते वर्षभराने कळेल.”

मी घरून ठरवून आले होते ते बोलले. “नाव तुम्हाला देते. पैसे नकोत.”

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. “फुकट?”

“हो.”

“नको.”

“अहो, घ्या ना,” बायको म्हणाली.

“नको म्हटलं ना. फुकट दिलंत तर जिना उतरताना तुम्हाला बरं वाटेल. आज तुम्हाला बरं वाटावं असं मला वाटत नाही.”

“अहो!”

“काय अहो? खरं ते बोललो.”

मशीनचा आवाजही थांबला होता. खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

“माझ्याकडे लोक येतात,” तो म्हणाला, आता जरा हळू. “म्हणतात, बाजारात बूट तिसऱ्या हिश्श्यात मिळतो. मी म्हणतो, मग बाजारात घ्या. माझा भाव चामडं किती लागलं आणि दिवस किती लागले यावर. पायाची अडचण बघून मी कधी भाव वाढवला नाही. तुम्ही तीन लाख कशावरून म्हणालात?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. मग मलाही राहवलं नाही. “आणि तुम्ही चार हजार कशावरून?”

तो बायकोकडे बघायला लागला.

“होते तेवढे,” ती म्हणाली.

“म्हणजे दोघांनीही नावाकडे पाहिलंच नाही,” तो म्हणाला. “तुम्ही माझा खिसा चाचपत होतात, आणि मी झाकत होतो.” बूट बाजूला ठेवला. “नऊ हजार शंभर म्हटले होते, तेवढे देतो. आहेत अजून. नवं नाव स्वस्तात मिळालं, कुणाच्या लक्षात न राहणारं. पावतीवर ‘विकलं’ लिहा. ‘दिलं’ नको.”

मी घेतले. घेताना मान वर करता आली नाही. इतके कमी पैसे हातात इतके जड मी कधी धरले नव्हते.

वाटलं, आता जावं. तर तो म्हणाला, “टाइप येतं ना? बसा मग.”

दुपारभर मी त्यांच्या नव्या पत्त्यावरून अडतीस उत्तरं लिहिली. तो एकेक कागद बघून सांगत होता: यांना सांगा मंगळवारपर्यंत जोड निघेल, यांना सांगा पाय पुन्हा काढा, मुलाला उभं करून, बसवून नाही. एकदा मी त्याचं वाक्य जरा नीट केलं, तर बायको म्हणाली, “त्यांचं तसंच राहू दे, लोकांना तीच भाषा ओळखीची आहे.” मी परत होतं तसं केलं.

उरलेली तीन पत्रं त्या सहा वर्षांच्या मुलीच्या आईची, तिला उत्तर त्याने मला लिहू दिलं नाही. त्या आईने खाली फोन नंबर दिला होता. तो उठला, फोन घेऊन जिन्यात गेला आणि दार ओढून घेतलं. आतून शब्द कळत नव्हते. बराच वेळ फक्त तो ऐकत होता, एवढं कळत होतं.

९ जुलै

नाव त्यांच्या ताब्यात गेलं. माझ्या यादीत त्रेसष्ट राहिली.

मास्तरांनी आज फोन उचलला. “नऊ हजार? बाई, तुम्ही बाजार बिघडवलात!”

मी सगळं सांगितलं. पाय, कागद, ती मुलगी.

“मास्तर,” मी विचारलं, “तुम्ही तुमच्या पेट्या कधी उघडून पाहिल्यात?”

“बाई,” ते म्हणाले, आणि आवाज एकदम म्हातारा झाला, “उघडल्या तर धंदा करता येत नाही.”

मग म्हणाले पाऊस आलाय, कपडे वाळत आहेत, आणि फोन ठेवला.

१५ जुलै

नवऱ्याला सगळं काल सांगितलं, नसलेल्या गिऱ्हाइकासकट. तो ऐकत होता, खांदा चोळत. मला वाटलं चिडेल. चिडला नाही. म्हणाला, “विक्री तर झाली ना? सहा महिन्यांचा पगार आणि नऊ हजार, थोडाच फरक आहे. अजून वर्षभर घे.”

टिंगी म्हणाली, “बाबा, थोडाच?”

“तू गप्प. आमचं शेठशी बोलणं चाललंय.”

मी नको म्हटलं. मालकांना फोन करून सांगितलं, सोमवारी येते. तिकडे गठ्ठे हलवल्याचा आवाज आला, मुद्दाम ऐकवला असावा. हौस फिटली असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. खरं कारण सांगायला मला अजून वाक्य सापडलेलं नाही. त्या मुलीचं काय झालं तेही माहीत नाही. बूटवाल्याला विचारावंसं रोज वाटतं, पण ते विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

त्रेसष्टांपैकी सतरा पेट्यांत पत्रं आहेत. सगळी पाय असतील असं नाही. बहुतेक खरंच जाहिराती असतील. छापखान्यात जायच्या आधी रोज सकाळी एक पेटी उघडायची असं ठरवलंय. आज पहिली उघडली. एका शिंपिणीच्या जुन्या नावाची. नऊ पत्रं. आठ जाहिराती निघाल्या. नवव्यात कुणीतरी विचारलंय, ‘माझ्या आईची साडी तुमच्याकडे रफूला आहे, दुकानाला कुलूप दिसतं. तुम्ही बऱ्या आहात ना?’

त्या पानावरची विक्रीची पाटी काढली. मग लिहिलं, ‘मी त्या नव्हे. त्यांचं नाव सध्या माझ्याकडे आहे. त्या कुठे आहेत ते शोधते आणि तुम्हाला कळवते.’ पाठवण्याआधी सवयीने एकदा वाचून पाहिलं. चूक नव्हती.